काळे निकेल-विलेपन : उपयोग आणि मर्यादा

काळा पृष्ठभाग ऊन अधिक शोषतो, ही गोष्ट प्रयोगशाळेत शिकविण्याची आवश्यकता नाही. कोपरगावसारख्या गावी वैशाखात अंगणात ठेवलेला काजळी धरलेला हंडा आणि त्याच्या शेजारी ठेवलेला घासूनपुसून लखलखीत केलेला तांब्याचा हंडा यांतील पाणी दुपारी हाताला कसे लागते, हे घरातील कोणीही सांगू शकेल. परंतु या सर्वपरिचित अनुभवाची दुसरी बाजू तितकीशी परिचित नाही. काजळीचा हंडा जसा लवकर तापतो तसाच तो लवकर निवतोही. चांगला शोषक हा चांगला उत्सर्जकही असतो, हे त्याचे कारण होय. सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापविण्याचा विचार करू लागताच ही दुसरी बाजू पुढे येते. कारण पट्टिका जितकी अधिक तापावी तितकी ती मिळविलेली उष्णता अधिक वेगाने उधळून टाकते. मिळविणारा परंतु न उधळणारा काळा पृष्ठभाग बनविता येईल काय, हा प्रश्न येथूनच निर्माण होतो. काळे निकेल-विलेपन हे या प्रश्नाचे एक जुने आणि बोधप्रद उत्तर आहे. ते कसे कार्य करते, कोठे उपयोगी पडते आणि कोठे निरर्थक ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

शोषण आणि उत्सर्जन

किर्खोफच्या नियमानुसार कोणत्याही पृष्ठभागाची शोषकता व उत्सर्जकता समान असतात. हा नियम सांगताना एक अट पुष्कळदा गाळली जाते : ही समानता एकाच तरंगलांबीपुरती सत्य असते. एका तरंगलांबीला शोषकता अधिक व दुसऱ्या तरंगलांबीला उत्सर्जकता कमी, असा पृष्ठभाग असण्यास नियमाची आडकाठी नाही. आपल्या प्रश्नाचे सारे उत्तर या अटीत सामावलेले आहे.

सूर्याच्या पृष्ठभागाचे उष्णतामान सुमारे ५,८०० केल्व्हिन आहे. व्हीनच्या नियमाने त्याच्या प्रारणाचे शिखर सुमारे ०.५ मायक्रॉन तरंगलांबीला येते, आणि पृथ्वीवर पोचणारी बहुतेक सर्व सौर ऊर्जा ०.३ ते २.५ मायक्रॉन या पट्ट्यात सामावते. आता ३६० केल्व्हिन, म्हणजे सुमारे ८७ अंश सेंटिग्रेड उष्णतामानाची पट्टिका घ्या. तिच्या प्रारणाचे शिखर ८ मायक्रॉनला येते. या उष्णतामानाच्या कृष्ण पदार्थाच्या एकूण प्रारणापैकी २.५ मायक्रॉनहून कमी तरंगलांबीचा भाग दहा हजारांत एकाइतकादेखील नसतो. येणारी ऊर्जा आणि जाणारी ऊर्जा यांचे वर्णपट अशा प्रकारे जवळजवळ पूर्णपणे निराळे आहेत. तेव्हा २.५ मायक्रॉनच्या अलीकडे काळा आणि पलीकडे आरशासारखा असणारा पृष्ठभाग मिळाल्यास तो सूर्याची ऊर्जा घेईल आणि आपली स्वतःची उष्णता राखून ठेवील. अशा पृष्ठभागास निवडक शोषक पृष्ठभाग असे म्हणतात.

डोळ्यांना दिसणारा काळेपणा या बाबतीत फसवा ठरतो, हे विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. डोळा ०.४ ते ०.७ मायक्रॉन एवढाच पट्टा पाहतो. त्याला साधा काळा रंग आणि काळे निकेल यांत फारसा भेद दिसत नाही. परंतु ८ मायक्रॉनच्या दृष्टीने पाहिले असता पहिला काजळासारखा व दुसरा घासलेल्या भांड्यासारखा आहे.

टेबॉर यांचे कार्य

शस्त्रे, उपकरणे व शोभेच्या वस्तू यांवर काळे निकेल चढविण्याची कला विद्युत्-विलेपनाच्या धंद्यात पूर्वीपासून अवगत होती. तिचा संबंध सूर्याशी जोडण्याचे श्रेय मुख्यतः इस्रायलमधील भौतिकीविज्ञ हॅरी टेबॉर यांजकडे जाते. १९५५ साली अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात सौर ऊर्जेवर भरलेल्या परिषदेत त्यांनी निवडक शोषक पृष्ठभागांची कल्पना व ती प्रत्यक्षात आणण्याचे मार्ग मांडले. गियर व डंकल या अमेरिकन संशोधकांनीही याच सुमारास स्वतंत्रपणे या दिशेने विचार मांडला होता. आपल्या देशात या विषयाचा पाठपुरावा १९७० नंतरच्या दशकात अधिक जोमाने झाला. दिल्लीच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील ओ. पी. अग्निहोत्री व बी. के. गुप्ता यांनी निवडक पृष्ठभागांवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९८१ साली प्रसिद्ध झाला.

टेबॉर यांच्या युक्तीचे मर्म लेपाच्या जाडीत आहे. प्रथम धातूचा चकचकीत थर घ्यावयाचा. धातू अवरक्त किरण उत्तम प्रकारे परावर्तित करतो, म्हणून त्याची उत्सर्जकता अल्प असते. त्यावर काळ्या पदार्थाचा ०.१ ते ०.२ मायक्रॉन इतका पातळ थर चढवावयाचा. सौर प्रारणाच्या तरंगलांबीशी तुलना करता ही जाडी नगण्य नाही. म्हणून थरातील शोषण आणि व्यतिकरण या दोहोंच्या योगाने ऊन शोषले जाते. परंतु ८ मायक्रॉनच्या तरंगाला एवढा पातळ थर जणू नसल्यासारखाच असतो. त्या तरंगाची गाठ खालच्या चकचकीत धातूशीच पडते. अशा रीतीने एकाच पट्टिकेवर दोन पृष्ठभाग नांदतात : सूर्यासाठी वरचा, उष्णतेसाठी खालचा.

उत्तम रीतीने केलेल्या काळ्या निकेलची सौर शोषकता सुमारे ०.९२ व उत्सर्जकता सुमारे ०.११ मिळते. साध्या काळ्या रंगाच्या बाबतीत हे दोन्ही आकडे ०.९५ च्या आसपास असतात.

विलेपनाची रीत

काळ्या निकेलमध्ये शुद्ध निकेल धातू प्रधान नसतो. निकेल व जस्त यांची सल्फाइडे, काही प्रमाणात ऑक्साइडे आणि धातूचे सूक्ष्म कण यांचे ते मिश्रण असते. एका प्रसिद्ध विद्रावाची घटना अशी आहे : दर लिटरला निकेल सल्फेट ७५ ग्रॅम, जस्ताचे सल्फेट २८ ग्रॅम, अमोनियम सल्फेट २४ ग्रॅम आणि सोडियम थायोसायनेट १७ ग्रॅम. विद्राव किंचित अम्लधर्मी ठेवतात व उष्णतामान ३० अंशांच्या आसपास राखतात. ज्या पट्टिकेवर लेप चढवावयाचा ती ऋणाग्र होते. थायोसायनेट हा गंधकाचा पुरवठा करतो व त्यामुळे लेप काळा होतो. विद्युत्प्रवाह दर चौरस सेंटिमीटरला एक ते दोन मिलिअँपिअर इतका अल्प असतो, आणि सारे काम काही मिनिटांत आटोपते.

येथे फॅरडेच्या नियमाचा एक सोपा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. दर चौरस सेंटिमीटरला एक मिलिअँपिअर प्रवाह दोन मिनिटे वाहिल्यास ०.१२ कूलंब विद्युत्भार जातो. सारा लेप निकेल सल्फाइडाचाच आहे आणि सारा प्रवाह त्याच कामी लागला असे गृहीत धरल्यास सुमारे ०.१ मायक्रॉन जाडीचा थर मिळतो. म्हणजे दोन मिनिटांऐवजी सहा मिनिटे प्रवाह चालू ठेवल्यास थर ०.३ मायक्रॉनवर जाईल, शोषकतेत फारशी वाढ न होता उत्सर्जकता वाढू लागेल आणि निवडकपणा कमी होत जाईल. थर वाढत असता पट्टिका पिवळसर, तपकिरी व निळसर-जांभळ्या छटांतून काळेपणाकडे जाते. हे व्यतिकरणाचे रंग होत, आणि कुशल कारागीर त्यांवरूनच काम केव्हा थांबवावयाचे ते ओळखतो.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. ०.१ मायक्रॉन जाडीच्या काळ्या थराचे वजन दर चौरस मीटरला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरते. त्याखालचा चकचकीत निकेलचा थर मात्र, तो १० मायक्रॉन धरल्यास, दर चौरस मीटरला सुमारे ८९ ग्रॅम होतो. खर्च काळ्या थराचा नसून त्याच्या खालच्या थराचा आहे. या मुद्द्याकडे आपल्याला पुढे परत यावयाचे आहे.

लाभाचा हिशेब

निवडक पृष्ठभागाचा लाभ किती, हे आकड्यांवाचून कळणार नाही. एका काचेच्या आच्छादनाखाली असलेली एक चौरस मीटर पट्टिका घेऊ. ऊन दर चौरस मीटरला १,००० वॅट, हवेचे उष्णतामान ३० अंश, आणि काचेतून ऊन पार होण्याचे प्रमाण ०.८५ मानू. पट्टिका व काच यांमधील हवेतून होणारा संनयनाचा ऱ्हास दर अंशाला ३ वॅट आणि मागील बाजूचा ऱ्हास दर अंशाला ०.८ वॅट धरू. काचेची उत्सर्जकता ०.८८ आहे.

पट्टिका ८७ अंशांवर असताना काळा रंग दिलेली पट्टिका ८०८ वॅट शोषते. तिची काच सुमारे ५२ अंशांपर्यंत तापते. प्रारणाने २६८, संनयनाने १०५ आणि मागील बाजूने ४६, असे एकूण ४१९ वॅट वाया जातात व ३८९ वॅट हाती लागतात. काळे निकेल चढविलेली पट्टिका थोडे कमी, म्हणजे ७८२ वॅट शोषते. परंतु तिचा प्रारणाचा ऱ्हास अवघा ४४ वॅट असतो. तिची काच ४० अंशांच्या आसपास राहते. त्यामुळे संनयनाचा ऱ्हास काहीसा वाढून १४१ वॅट होतो, मागील बाजूचा ४६ च राहतो, आणि ५५१ वॅट हाती लागतात. लाभ चाळीस टक्क्यांहून अधिक आहे.

आता तीच पट्टिका ५० अंशांवर ठेवून हिशेब केल्यास रंगाच्या पट्टिकेपासून सुमारे ६७५ व निकेलच्या पट्टिकेपासून सुमारे ७०० वॅट मिळतात. येथे लाभ चार टक्क्यांच्या आसपास आहे. स्नानासाठी कोमट पाणी एवढीच गरज असेल, तर काळ्या रंगाचा डबा वाईट नाही, असाच याचा अर्थ होतो.

याउलट पट्टिका ८७ अंशांवरच ठेवावयाची आहे परंतु ऊन ५०० वॅटच आहे, अशी स्थिती कल्पून पाहा. सकाळी साडेआठ-नऊच्या सुमारास किंवा ढगाळ दिवशी ती सहज संभवते. रंगाची पट्टिका ४०४ वॅट शोषते आणि तिचा ऱ्हास ४१९ वॅट आहे. म्हणजे ती त्या उष्णतामानापर्यंत पोचूच शकत नाही. निकेलची पट्टिका मात्र ३९१ वॅट शोषून २३१ वॅट गमावते व १६० वॅट देते. दिवसातील उपयुक्त तास वाढणे हा निवडक पृष्ठभागाचा लाभ दुपारच्या टक्केवारीत दिसत नाही. संपूर्ण दिवसाचा हिशेब मांडणाऱ्यालाच तो दिसतो.

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा विचार करता हा भेद केवळ पुस्तकी नाही. साखर कारखान्यास बगॅस हे घरचेच इंधन आहे. त्याला अशा पट्टिकांची निकड नाही. परंतु दुग्धव्यवसायाची गोष्ट निराळी आहे. दुधाच्या पाश्चरीकरणाच्या प्रचलित पद्धतीत दूध ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवावे लागते. त्यासाठी पाणी त्याहून उष्ण हवे, आणि पट्टिका पाण्याहूनही उष्ण असावी लागते. म्हणजे आपण वर घेतलेले ८७ अंश हे उदाहरण थेट तेथे लागू पडते. शिवाय या भागातील विहिरींचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. नळ्यांच्या आत क्षारांचा थर बसला की पट्टिकेची उष्णता पाण्याला सहज मिळत नाही, पट्टिका अधिक तापते व प्रारणाचा ऱ्हास वाढतो. अशा वेळी अल्प उत्सर्जकतेचे महत्त्व वाढते. तथापि, विलेपन हा क्षार काढण्याला पर्याय नव्हे.

शिर्डीचे उदाहरण

कोपरगावपासून सुमारे पंधरा किलोमीटरांवर, पूर्वी कोपरगाव तालुक्यात व आता राहाता तालुक्यात असलेल्या शिर्डीच्या प्रसादालयात २००९ साली सौर उष्णतेवर वाफ करून अन्न शिजविण्याची मोठी योजना उभारण्यात आली. तीत प्रत्येकी १६ चौरस मीटरांच्या ७३ परावर्तक तबकड्या बसविण्यात आल्या. या तबकड्या वोल्फगांग शेफलर यांच्या रचनेनुसार केलेल्या असून त्या ऊन एका लहान ग्राहकावर एकवटतात. विद्यार्थ्यांकडून साहजिकच प्रश्न येतो, की एवढ्या उच्च उष्णतामानासाठी तर काळे निकेल अधिकच उपयुक्त ठरले पाहिजे. वस्तुस्थिती याच्या उलट आहे.

समजा, ऊन ५० पट एकवटले आहे आणि ग्राहक १७७ अंशांवर, म्हणजे ४५० केल्व्हिनवर आहे. स्टीफन-बोल्ट्झमन नियमाने ०.९५ उत्सर्जकतेचा ग्राहक भोवतालचे प्रारण वजा जाता दर चौरस मीटरला सुमारे १,७५० वॅट गमावतो. आकडा मोठा दिसतो. पण हे क्षेत्र उन्हाच्या क्षेत्राच्या पन्नासाव्या हिश्शाइतकेच आहे. ऊन गोळा करणाऱ्या दर चौरस मीटरमागे हा ऱ्हास ३५ वॅट, म्हणजे १,००० वॅट उन्हाच्या साडेतीन टक्के इतकाच पडतो. काळ्या निकेलने त्यातील ३१ वॅट वाचतील. परंतु शोषकता ०.९५ वरून ०.९२ वर आल्याने एकवटलेल्या उन्हाचे सुमारे तीन टक्के आपण परत फेकून देऊ. शिल्लक जवळजवळ राहतच नाही. त्यातच कधी पाण्याचा पुरवठा खंडित झाला, तर ग्राहक जितका तापेल तितके उष्णतामान हा नाजूक लेप सोसू शकणार नाही. अशा ठिकाणी उष्णता सोसणारा साधा काळा रंगच शहाणपणाचा ठरतो.

तेव्हा नियम असा सांगता येईल : जेथे शोषण करणारे क्षेत्र व ऊन गोळा करणारे क्षेत्र एकच असते आणि उष्णतामान ७० अंशांच्या वर जाते, तेथे निवडक लेपाचे मोल अधिक. जेथे ऊन एकवटलेले असते, तेथे उत्सर्जकतेपेक्षा शोषकता महत्त्वाची. मात्र तबकडीला थेट ऊन लागते, तर सपाट पट्टिका ढगांतून विखुरलेला प्रकाशही घेते. पावसाळ्यात हा भेद निर्णायक होतो.

आर्द्रतेचा प्रश्न

येथवरचे विवेचन नव्या कोऱ्या पट्टिकेचे झाले. काळ्या निकेलचा खरा दोष काही महिन्यांनी प्रकट होतो. ऊब आणि दमटपणा यांचा एकत्र मारा सोसण्याची त्याची शक्ती अल्प आहे. आर्द्र कक्षात केलेल्या कसोट्यांत त्याची शोषकता घटते, कधी लेप सुटतो, असे अनेक प्रयोगशाळांचे अनुभव आहेत. कोपरगाव पर्जन्यछायेच्या प्रदेशात येते, म्हणून येथील पट्टिका कोकणातील पट्टिकेपेक्षा अधिक टिकेल हे खरे. पण श्रावण-भाद्रपदात पेटीच्या काचेवर आतून पहाटे दव धरलेले येथेही पाहावयास मिळते. ते थेंब पट्टिकेवर ओघळतात, आणि दुपारी तीच पट्टिका ऐंशी-नव्वद अंशांना जाते.

अशा वेळी खालचा निकेलचा थर पातळ व सच्छिद्र असला, तर पाणी त्या छिद्रांतून पोलादापर्यंत पोचते व गंज आतून वर येतो. मघाशी सांगितलेला अर्धा ग्रॅम व ८९ ग्रॅम यांचा हिशेब येथे उपयोगी पडतो. काटकसर करू पाहणारा उत्पादक काळा थर कमी करू शकत नाही, कारण तेथे कमी करण्याजोगे काही नसतेच. तो खालचा थर कमी करतो. पहिल्या दिवशी दोन्ही पट्टिकांचे आकडे सारखेच येतात. तिसऱ्या पावसाळ्यानंतर ते सारखे राहत नाहीत, आणि तोवर ज्या संस्थेने पैसे घातले तिला ‘सौर ऊर्जा आपल्याकडे चालत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष काढण्याखेरीज दुसरे काही सुचत नाही. वर संरक्षक लाखेचा थर द्यावा, तर सेंद्रिय पदार्थ अवरक्त किरण शोषतात, त्यामुळे उत्सर्जकता वाढते व मूळ हेतूच बाधित होतो.

काळ्या क्रोमने हा प्रश्न पुष्कळ अंशी सोडविला. त्याची शोषकता ०.९५ व उत्सर्जकता ०.१ च्या आसपास असून ते उष्णता व दमटपणा अधिक सोसते. पण त्याच्या विद्रावात क्रोमिक अम्ल, म्हणजे षट्संयुजी क्रोमियम असते, आणि ते कर्करोगकारक आहे. पुढे निर्वात नळ्या आल्या. त्यांत ॲल्युमिनियम नायट्राइडासारखे लेप निर्वातात चढवितात व ते निर्वातातच राहतात, म्हणून दमटपणाचा प्रश्नच उरत नाही.

काळ्या निकेलचा टाकाऊ विद्रावही निरुपद्रवी नाही. निकेलची संयुगे कर्करोगकारक पदार्थांत गणली जातात. केवळ चुना टाकून निकेल खाली बसेल, अशी समजूत असल्यास ती सोडावी. विद्रावातील अमोनिया निकेलशी जटिल संयुग करून त्याला विरघळलेलेच ठेवतो. थायोसायनेटयुक्त विद्रावात तीव्र अम्ल किंवा विरंजक चूर्ण मिसळल्यास विषारी वायू सुटण्याचा संभव असतो. गोदावरीच्या काठी वसलेल्या गावात असा विद्राव गटारात सोडून सूर्याची स्वच्छ ऊर्जा मिळविली, असे म्हणता येणार नाही. प्रयोगशाळेतील अर्धा लिटर विद्रावदेखील साठवून अधिकृत विल्हेवाटीकडेच द्यावयास हवा.

विद्यार्थ्यांनी करण्याजोगे काम

एवढे दोष असूनही काळे निकेल अभ्यासाला उत्तम आहे, कारण त्याला निर्वात यंत्रणा लागत नाही. हवा खेळती असलेली जागा, हातमोजे, एक लहान प्रवाह-पुरवठा आणि चंचुपात्र एवढ्यावर पट्टिका तयार होते. उत्सर्जकतेचा पहिला अंदाज घेण्यास लेस्लीच्या घनाचे तत्त्व पुरेसे आहे : तांब्याच्या सारख्या डब्यांच्या एका बाजूस काळा रंग व दुसऱ्या बाजूस काळे निकेल देऊन, आत उकळते पाणी भरून, तापविद्युत् पुंजाने दोन्ही बाजूंचे प्रारण मोजावे. डोळ्यांना सारख्या काळ्या दिसणाऱ्या दोन बाजूंच्या मापांत कित्येक पटींचा फरक पडलेला पाहणे, हा किर्खोफच्या नियमाचा सर्वांत चांगला पाठ होय.

परंतु याहून मोलाचे काम सावकाशीचे आहे. खालच्या निकेल-थराची जाडी ५, १० व २० मायक्रॉन ठेवून केलेल्या पट्टिका एकाच काचपेटीत गच्चीवर ठेवाव्यात, आणि ज्येष्ठापूर्वी एकदा व कार्तिकात एकदा, अशी त्यांची मापे सलग काही वर्षे घ्यावीत. कोपरगावच्या महाविद्यालयांच्या गच्च्या, कोकणातील एखादी गच्ची आणि विद्यापीठाची गच्ची येथे हेच काम एकाच रीतीने झाले, तर कोणत्या हवेत किती जाडीचा थर पुरेसा होतो हे आकड्यांनी सांगता येईल. दूध तापविणाऱ्या सहकारी संस्थेला किंवा वसतिगृहाला हवी असते ती माहिती हीच. पट्टिका पहिल्या दिवशी किती ऊन शोषते हे आज कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले असते. ती पाचव्या वर्षी किती शोषील, हे सांगण्याचे काम विद्यापीठातील विभागांनी आपले मानावे.